डी3ची कॅप्सूल, 18 शोधनिबंध आणि आईचा रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा: "आई 68 वर्षांची, नाशिकला असते. हेल्थ चेकअपमध्ये ड जीवनसत्त्व 17 आलं. मावसभाऊ एका कंपनीची डी3, के2 आणि झिंकची कॅप्सूल विकतो. पत्रकावर लिहिलंय की सर्दी-फ्लू 70% कमी होतो, मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर आणि ऑटोइम्यून आजार टळतात. खाली '18 आंतरराष्ट्रीय संशोधनांचा आधार'. महिन्याला 1,900 रुपये. हे शोधनिबंध खरे आहेत का? आईला सुरू करू का?"

घाईत असाल तर एवढंच वाचा: यादीतले शोधनिबंध खरे आहेत, पण पत्रकातले दावे त्यांतून निघत नाहीत. आईला डी3, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा गोळीत असणारा प्रकार, द्यायला हरकत नाही. ते हाडांसाठी द्यायचं, कमी मात्रेत, साध्या गोळीतून. 1,900 रुपये ठेवा बाजूला.

आता सविस्तर. मी 26 वर्षं मेडिकल कॉलेजात जनआरोग्य शिकवतो आणि दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना असंच एक पत्रक देऊन सोलायला सांगतो. बहुतेक मुलं शोधनिबंध किती आहेत ते मोजतात. मोजू नका. अठरा असोत की ऐंशी, त्यातल्या प्रत्येकाला एकच विचारायचं: शेवटी यांनी मोजलं काय? आजारी पडलेली माणसं मोजली, की रक्तातला एखादा आकडा, की बशीतल्या पेशी?

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली यादी या प्रश्नाने चाळली, तर निम्मे निबंध उंदीर आणि पेशींवरचे निघतात. त्यात वाईट काही नाही, औषधाची सुरुवात तिथूनच होते. पण सुरुवात म्हणजे निकाल नव्हे. आणखी चार निबंधांत 'रक्तातली पातळी वाढली' एवढंच आहे. अहो, गोळी गिळल्यावर पातळी वाढणारच! विहिरीत पाणी ओतलं की पातळी वाढते, त्याने झरा लागला असं होत नाही. उरलेल्यांपैकी बरेचसे निबंध सांगतात की ज्यांचं ड कमी होतं, त्यांना हा किंवा तो आजार जास्त झाला. ही पाहणी आहे, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. शिकलेले जास्तच.

ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हाने तयार होतं. आता सांगा, दुपारच्या उन्हात कोण हिंडतं? ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला दम लागत नाही, जो शेतावर जातो, तो. आणि घरात कोण बसतं? मधुमेहाने थकलेला, हृदयाच्या दुखण्याने घाबरलेला. वजन जास्त असेल तर हे जीवनसत्त्व चरबीत विखुरतं आणि रक्तात कमी दिसतं. शरीरात कुठे दाह चालू असेल, एखादी शस्त्रक्रिया झाली असेल, तरी रक्तातला आकडा खाली येतो. आमच्या वॉर्डात भरती असलेल्या कोणाचंही ड काढा, बहुतेकदा कमीच येतं. त्यामुळे कमी ड हे आजाराचं कारण आहे की त्याची सावली, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. आणि सावलीला औषध पाजून माणूस बरा होत नाही.

हे आधी एकदा अंगलट आलेलं आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं अनेक पाहण्यांत दिसत होतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत विभागलं आणि काहींना बीटा-कॅरोटीन दिलं. 1994 साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18% जास्त. अमेरिकेत 18,314 जणांवर असाच एक प्रयोग चालू होता. त्यात बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही होतं. तिथे 28% जास्त कॅन्सर दिसला आणि प्रयोग ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. तोवर किती दुकानांत ती गोळी 'कॅन्सररोधक' म्हणून विकली गेली असेल, कोण जाणे.

म्हणून पाहणीच्या पुढे जाऊन चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग बघायचा. नशिबाने दोन गट पडतात, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. उन्हात हिंडणारे आणि घरात बसणारे दोन्ही गटांत सारखे वाटले जातात. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं, असे मोठे प्रयोग झालेले आहेत. तुमच्या पत्रकात मात्र त्यांच्या मुख्य निकालांचं नावही नाही.

अमेरिकेतला 'व्हायटल' घ्या. 25,871 माणसं, पन्नाशीच्या पुढचे पुरुष आणि पंचावन्नच्या पुढच्या बायका. रोज 2,000 युनिट डी3 किंवा पोकळ गोळी, साधारण सव्वापाच वर्षं. 2018 च्या शेवटी निकाल आला. कॅन्सर झाले डी3च्या गटात 793 आणि दुसऱ्यात 824. हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून 396 आणि 409. गट जवळजवळ सारख्या आकाराचे, प्रत्येकी तेरा हजारांच्या आतबाहेर. एवढा फरक नाणेफेकीतही पडतो. पुढे 2022 मध्ये हाडं मोडण्याचे आकडे आले: 769 आणि 782. हाडांचं जीवनसत्त्व म्हणून ज्याची ख्याती, त्याने कमतरता नसलेल्या माणसांची हाडं मोडणंही थांबवलं नाही.

मग पत्रकात 'कॅन्सरने मृत्यू 25% कमी' हे कुठून आलं? याच प्रयोगातून! यावर जरा थांबतो, कारण पुरावा कसा वाकवतात ते इथे उघड दिसतं. कॅन्सरने मृत्यू डी3च्या गटात 154 आणि दुसऱ्यात 187 झाले. हा फरक नशिबाने पडू शकेल एवढाच होता. पण पहिली दोन वर्षं वगळून मोजलं, तर घट 25% दिसते आणि ती संख्याशास्त्राच्या उंबऱ्यापलीकडे जाते. औषधाला काम करायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीची वर्षं वगळणं अगदीच अतर्क्य नाही. संशोधकांनीही ते उघडपणे, सावधपणे मांडलं होतं. पत्रकवाल्याने फक्त 25% उचलले.

आता दुसरा प्रयोग बघा, ऑस्ट्रेलियातला 'डी-हेल्थ'. साठीपुढची 21,315 माणसं, महिन्याला एकदा 60,000 युनिट, पाच वर्षांपर्यंत. आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सॅशेची मात्रा नेमकी हीच. 2022 चा निकाल: मृत्यू डी3च्या गटात 562, पोकळ गोळीच्या गटात 538. आणि तिथेही पहिली दोन वर्षं वगळून कॅन्सरचे मृत्यू मोजले, तेव्हा डी3च्या गटात ते 24% जास्त दिसले. एकच युक्ती, दोन प्रयोग, दोन उलटी उत्तरं. रोजची गोळी आणि महिन्याचा सॅशे यांत काही फरक असेलही. पण निम्मा आकडा कापून पत्रकावर छापणाऱ्याने दुसरा आकडाही छापायला हवा. तुकडे पाडत गेलं की कुठेतरी हवं ते सापडतंच. म्हणून 'आम्ही मोजणार काय' हे प्रयोगाआधी लिहून ठेवतात, आणि मी वाचताना त्या आधी लिहिलेल्या प्रश्नाचंच उत्तर आधी शोधतो.

सर्दीचे 70%. हा आकडाही खरा आहे, आणि म्हणून जास्त घातक. 2017 मध्ये 25 प्रयोग एकत्र करून एक विश्लेषण आलं. सगळ्यांचा मिळून फायदा माफक होता, श्वसनसंसर्ग होण्याची शक्यता साधारण 12% कमी. त्यातला एक छोटा गट होता: रक्तातलं ड दर मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅमच्याही खाली (आईच्या 17 चं एककही हेच) आणि डोस रोज किंवा दर आठवड्याला. त्यांच्यात शक्यता 70% कमी दिसली. पत्रकातले 70% ते हेच. तुमच्या आईचं ड 17 आहे, म्हणजे ती त्या गटात मुळात बसतच नाही. आणि पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. 2021 मध्ये आणखी प्रयोग जमा झाल्यावर एकूण फायदा 8% वर आला आणि 'ज्यांचं ड फार कमी त्यांना जास्त फायदा' हे चित्र पुसट झालं. 2025 मध्ये 6% उरला, तोही नशिबाच्या खेळापासून वेगळा काढता येत नाही असा. 12, 8, 6. पुरावा वाढत जाईल तसा फायदा आटत जात असेल, तर मी सावध होतो. खऱ्या परिणामाचं सहसा उलट होतं, माणसं वाढली की तो जास्त स्पष्ट दिसतो.

मधुमेहाबद्दल मात्र मला पत्रकवाल्याशी थोडं न्यायाने वागावं लागेल. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 2,423 लोकांना रोज 4,000 युनिट देऊन अमेरिकेत एक प्रयोग झाला, 2019 मध्ये निकाल आला. मधुमेह झाला 293 जणांना आणि दुसऱ्या गटात 323 जणांना. घट 12%, पण खरा परिणाम 25% घट ते 4% वाढ यांत कुठेही असू शकतो, एवढी अनिश्चितता. नंतर असे तीन प्रयोग एकत्र केले, तेव्हा घट 15% आली आणि ती टिकली. तीन वर्षांत 100 पैकी साधारण 25 जणांना मधुमेह व्हायचा, तो 22 जणांना झाला. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने, 2024 च्या मार्गदर्शनात प्रीडायबेटिस असलेल्यांना ड जीवनसत्त्व सुचवलं, ते या आधारावर. म्हणजे इथे काहीतरी आहे. पण हे त्या विशिष्ट गटापुरतं आहे, 'मधुमेह टळतो' असं सरसकट नाही. शिवाय जेवण आणि चालणं यांचा फायदा याच्या कितीतरी पट आहे. तुमच्या आईची साखर नॉर्मल असल्याचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हा मुद्दा तिला लागू नाही.

ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या, आजारांचे '22% कमी' हेही व्हायटलमधलंच, आणि चिठ्ठ्या टाकलेल्या प्रयोगातलं आहे म्हणून मी ते उडवून लावत नाही. पण टक्के सोडून माणसं मोजा. डी3च्या गटात 123 जणांना असा आजार झाला, दुसऱ्यात 155 जणांना. फरक 32 माणसांचा, सुमारे 12,900 मध्ये. म्हणजे एका माणसाचा आजार टळावा म्हणून साधारण 400 जणांनी पाच वर्षं रोज गोळी घ्यायची. '22% संरक्षण' आणि '400 मध्ये एक', दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं छापायचं, ते विकणारा ठरवतो. कोणतंही टक्के ऐकले की 'कशाचे टक्के?' एवढं विचारायची सवय लावून घ्या. सेलच्या दुकानात विचारतो तसंच.

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: "डॉक्टर, त्या गोऱ्या लोकांचं ड आधीच बरं होतं. आपल्याकडे खरी कमतरता आहे, आपल्याला फायदा होईल." हे तपासायला मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, 8,851 शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. 95% पेक्षा जास्त मुलांचं ड 20 च्या खाली होतं. तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट. गोळी घेणाऱ्या मुलांची पातळी 31 च्या आसपास गेली, बाकीची 11 च्या आसपास राहिली. रक्ताचा रिपोर्ट झक्क सुधारला. आणि मोजायचं काय होतं? टीबीचा संसर्ग. तो गोळीच्या गटात 3.6% मुलांना झाला, दुसऱ्या गटात 3.3%. कमतरता खरी, पातळी वाढलेली खरी, आजारावर परिणाम शून्य. हा निकाल 2020 चा, आणि पत्रकातल्या '18' मध्ये अर्थातच नाही.

याच्या शेजारी झारखंडमधला प्रयोग ठेवा. टीबीच्या रुग्णांच्या घरच्या 10,000 हून जास्त माणसांपैकी निम्म्या गटाला दर महिन्याला धान्य-डाळीचा शिधा आणि सूक्ष्म पोषकद्रव्यं दिली. 2023 मध्ये निकाल आला, त्यांच्यात टीबी 39% कमी झाला. पोट भरलं आणि आजार मागे हटला. ती पिशवी विकायला मात्र कुठल्या एजंटची साखळी उभी राहणार नाही, कारण तिच्यात कमिशन नाही!

पूरकाने आजार टळतो हे कधीच सिद्ध होत नाही, असा अर्थ काढू नका. फॉलिक अ‍ॅसिडचं उदाहरण माझं आवडतं आहे. आधीच्या बाळाला मेंदू किंवा मणक्याचा जन्मजात दोष असलेल्या 1,817 बायका, सात देशांतली 33 केंद्रं. चार गटांपैकी दोघांना फॉलिक अ‍ॅसिड. दोष असलेली बाळं फॉलिक अ‍ॅसिडच्या बाजूला 6, नसलेल्या बाजूला 21. फरक इतका ठसठशीत होता की 1991 मध्ये प्रयोग मध्येच थांबवला, कारण उरलेल्यांना गोळी न देणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून आजही मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईला आम्ही ती गोळी आधीपासून सुरू करायला सांगतो. आणि खुद्द ड जीवनसत्त्वाची गोष्ट? पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या चमूने कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि ऊन यांनी बाळांचा मुडदूस टळतो आणि बराही होतो हे दाखवून दिलं. तिथे मोजला गेला तो आजारच.

'घेऊन नुकसान तर नाही ना?' हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मावसभाऊ ते उत्तर देईलच. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 बायकांना वर्षातून एकदा 5,00,000 युनिट दिली गेली, हाडं मजबूत व्हावीत म्हणून. 2010 चा निकाल: पडणं 15% जास्त, हाडं मोडणं 26% जास्त. आमच्याकडेही एक आजोबा आले होते. सॅशे 'आठवड्याला एक' लिहिलेलं, त्यांनी अडीच महिने रोज एक घेतलं. चिठ्ठीवरचं अक्षर डॉक्टरचं, वाचणाऱ्याचा चष्मा जुना, दोष कोणाला द्यायचा? तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, मग बोलणं असंबद्ध. घरचे म्हणाले म्हातारपण. रक्तातलं कॅल्शियम 13 च्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीला, होतं आणि मूत्रपिंडं बसायला आली होती. वाचले, पण तीन आठवडे रुग्णालयात काढून. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं लघवीतून बरीचशी निघून जातात. हे चरबीत साठतं आणि महिनोन्‌महिने उतरत नाही.

के2 (के जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणि झिंकबद्दल फार लिहीत नाही. कॅप्सूलमध्ये तीन गोष्टी असल्या की तिन्हींचे शोधनिबंध यादीत घालता येतात, एवढाच त्यांचा मुख्य उपयोग मला दिसला. एक मात्र नक्की विचारा: आई रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकूमेरॉल घेते का? घेत असेल तर के असलेली कुठलीही कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता अजिबात नको, औषधाचा परिणामच निघून जाईल.

आता आईचं 17. लॅबच्या कागदावर 20 च्या खाली 'कमतरता' आणि 30 च्या खाली 'अपुरे' असं छापलेलं असतं, म्हणून घाबरायला होतं. 30 ची रेघ 2011 मध्ये एंडोक्राइन सोसायटीने आखली होती. 2024 च्या मार्गदर्शनात तिने ती रेघ उचलून धरली नाही, आणि निरोगी माणसांची ही चाचणी सरसकट करू नये असं सांगितलं. 2011 च्या सुमारासच अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने हाडांसाठी 20 पुरेसं मानलं होतं. रेघ दहाने वर सरकवली की एका रात्रीत लाखो माणसं 'कमतरते'त जातात, कोणाचं काही दुखत नसताना. 17 म्हणजे रेघेच्या जरासं खाली. दखल घ्यावी असं आहे, धावपळ करावी असं नाही.

मी काय करेन? आईला विचारेन: मांड्या, बरगड्या, कंबरेची हाडं दाबल्यावर दुखतात का, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, जिना चढताना पाय ओढावे लागतात का, गेल्या वर्षभरात पडली का. यांतलं काही असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या बघून तिच्या डॉक्टरांनी उपचाराचा डोस ठरवावा, सॅशेचा असला तरी किती आठवडे ते तारखेसह लिहून. काही नसेल तर रोज 800 ते 1,000 युनिटची साधी डी3 गोळी, मुतखड्याचा त्रास नसल्याची खात्री करून. ही गोळी 1,900 च्या एका छोट्या तुकड्यात येते. मासे खात असाल तर बांगडा, नाहीतर अंड्याचा बलक. शाकाहारी ताटात ड जवळजवळ नसतंच. गच्चीवर जायचं तर दुपारी, अकरा ते दोनमध्ये, दहा-पंधरा मिनिटं, हात-पाय उघडे टाकून. सकाळचं कोवळं ऊन मनाला बरं वाटतं, ड मात्र फारसं देत नाही.

मावसभावाशी भांडू नका, घरातलंच माणूस आहे आणि त्यालाही कोणीतरी हेच शिकवलंय. त्याला एवढंच सांगा की या कॅप्सूलवर, म्हणजे याच डी3-के2-झिंकच्या मिश्रणावर, चिठ्ठ्या टाकून केलेला एखादा प्रयोग असेल ज्यात आजारी पडलेली माणसं मोजली आहेत, तर तो पाठव. आला तर मलाही पाठवा, वाचतो. आणि आईचा कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर तो आधी पाठवा.